आक्कांना ऐकू आलेला आवाज

आधी आक्कांचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. घोडनदीच्या त्या आडतवाल्या घरात त्यांना सगळे आक्काच म्हणत. शेठ त्यांचे धाकटे भाऊ, तेही आक्का म्हणत आणि बाजारात कांद्याच्या गोण्या उतरवणारे हमालही आक्काच म्हणत. चंद्रभागा हे त्यांचं नाव मला पुढं पुष्कळ वर्षांनी त्यांच्या रेशनकार्डावर वाचायला मिळालं. लहान वयात नवरा गेला, त्या भावाकडं आल्या, आणि भावाचं घर त्यांनी असं हातात घेतलं की चूल कधी पेटवायची इथपासून गाडी कधी धुवायची इथपर्यंत सगळं त्यांच्या जिभेवर चालायचं. जीभ तिखट होती. मी त्या घरात राहिलो, माझ्या हातात गाडीची चावी राहिली, पुढं माझं जे काही झालं ते झालं, ते त्या जिभेमुळं. हे आधी लिहून ठेवतो, कारण म्हातारपणी माणूस गोष्ट सांगताना स्वतःलाच पुढं पुढं करत जातो. मला तसं करायचं नाही.

मी वऱ्हाडातला. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. कापसाच्या जिनिंगच्या ट्रकवर पुसायला राहिलो, पुसता पुसता चालवायला शिकलो, आणि गावाकडच्या एका ओळखीनं शिरूरला येऊन पडलो. गावाहून निघताना आईनं विचारलं होतं, किती लांब? मी म्हणालो, एका दिवसाची वाट. खरं तर दीड दिवस लागायचा आणि तीन वेळा गाडी बदलावी लागायची. शिरूरला तेव्हा सगळे घोडनदीच म्हणत. तिथं माझं बोलणं ऐकून लोक हसायचे. मी 'मले' म्हणायचो, 'काऊन' म्हणायचो, प्रत्येक वाक्याला 'जी' लावायचो. हमाल मला वऱ्हाडी म्हणून हाक मारायचे आणि मुद्दाम काहीतरी विचारून माझ्याकडून चार शब्द बोलवून घ्यायचे. त्यामुळं मी बोलणंच कमी केलं होतं. ज्याचं बोलणं कमी, त्याचे कान जास्त चालतात. माझे तर जन्मापासूनच जास्त चालत. आई म्हणायची, हा पाल चुकचुकली तरी उठून बसते.

शेठच्या घरी मला परकं कुणी केलं नाही, हेही सांगायला हवं. गोदामाच्या पुढच्या खोलीत झोपायची जागा होती, पोत्यांचा उबदार वास होता. सकाळी मागच्या दारी आक्का पितळीत चहा ओतून ठेवायच्या, वर कालची बाजरीची भाकरी. मला ज्वारीची सवय, बाजरी घशाखाली उतरायची नाही. पहिल्या आठवड्यात आक्कांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "खा, खा. घोडनदीचं पानी लागलं की बाजरी आपसूक गोड लागंल." आणि खरंच लागायला लागली. घरात काही असलं की मासवडी व्हायची. तीळ-खोबऱ्याचं सारण भरून बेसनाच्या त्या लांब वड्या आक्का ओल्या फडक्यावर अशा थापायच्या की फडक्याचा थपथप आवाज गोदामापर्यंत यायचा. सोबतीचा रस्सा असा की नाकातून पाणी. आजही माझ्या सुनेला मी तो रस्सा कसा असतो हे सांगत बसतो आणि ती बिचारी प्रत्येक वेळी नव्यानं ऐकते.

गाडी जुनी होती. काळी, फुगीर पाठीची, पुढं मागं लांबलचक बाकासारख्या सीटा. शेठ अंगानं भरलेले. ते नेहमी मागं बसायचे, बरोबर कुणी व्यापारी असले तर तेही मागंच. डायवरच्या शेजारी मालकानं बसायचं नाही, आणि घरच्या बाईनं तर नाहीच नाही, अशी तेव्हाची रीत. माझ्या शेजारची जागा त्यामुळं कायम रिकामी. कधी तिथं कांद्याची नमुन्याची पिशवी असायची, तेवढंच.

दिवाळी झाली आणि आवाज सुरू झाला. पहिल्यांदा मी गाडी एकटाच घेऊन पेट्रोलला निघालो होतो. वळणावर ब्रेक दाबून स्टिअरिंग डावीकडं फिरवलं आणि हाताखाली काहीतरी 'टक्' झालं. कुणी नखानं डबा वाजवावा तसं. नुसतं ऐकू आलं असं नाही, तळव्याला कळलं. पुन्हा फिरवलं, काही नाही. दोन दिवस काही नाही. मग पुन्हा एकदा 'टक्'. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, ब्रेक सैल झाला तर आधी कळतं, पण स्टिअरिंग सुटलं तर चाक हातात आणि गाडी विहिरीत. जिनिंगच्या ट्रकचं असं झालेलं मी पाहिलं होतं. तो डायवर पुढं काठी घेऊन चालायचा.

मी शेठला सांगितलं. शेठ मागं बसले, म्हणाले, "चल, ऐकव." बाजारातून नदीपर्यंत, नदीपासून परत. काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री स्वतः चालवायला बसला, शेठ मागं, मी शेठच्या बाजूला. काही नाही. मिस्त्रीनं गाडीखाली शिरून सगळे नट आवळले, ग्रीस भरलं, हात पुसत म्हणाला, "लोण्यावानी फिरतंय." घरी शेठला सोडलं, गाडी लावायला गोदामाच्या कोपऱ्यावर वळवली, आणि 'टक्'.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. मी रोज खाली झोपून तेच नट पुन्हा आवळायचो. जेवताना कान तिकडंच. विहिरीवरची कप्पी वाजली तरी दचकायचो, दाराची बिजागरी वाजली तरी उठायचो. एकदा आक्कांच्या पानपुड्यातला अडकित्ता टक्कन वाजला आणि माझ्या हातातला घास खाली पडला. आक्का म्हणाल्या, "ह्या पोराला कुनी झपाटलंय का बघा." मी तिसऱ्यांदा शेठकडं गेलो, तेव्हा ते आडतीवर चार माणसांत बसले होते. शांतपणानं म्हणाले, "सुखदेव, आवाज गाडीत न्हाई, तुझ्या डोक्यात हाय. परत आवाजाचं नाव काढलंस तर आपली वऱ्हाडची गाडी धरायची. शांत डोक्याचे डायवर लई मिळतील मला." माणसं हसली. त्यातल्या एकानं तिथंच आपल्या भाच्याचं नाव सुचवलं, आणि शेठ म्हणाले, "डोहाळजेवण होऊ द्या, मग बघू."

आता यातली अडचण कुणाच्या लक्षात येईल की नाही ठाऊक नाही. शेठच्या बायकोला, शालनवहिनींना, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर दौंडला. वहिनींचे वडील रेल्वेत गार्ड होते, कॉलनीत राहायचे. डोहाळजेवण शिरूरला व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना गाडीतून दौंडला पोचवायचं, असं ठरलं होतं. पोचवायचं मी. वाटेत उसाच्या बैलगाड्या, एका बाजूला कालवा, रस्त्याला कडा नाही. बोललो तर चाकरी गेली. नाही बोललो आणि वाटेत चाक सुटलं, तर? वहिनी माझ्याहून एखाद्या वर्षानं मोठ्या असतील. घरात फार बोलायच्या नाहीत, आक्कांपुढं तर नाहीच. पण मला कपात चहा देणाऱ्या त्या घरात त्या एकट्या. निघून जावं असंही दोनदा मनात आलं. पण गेलो असतो तर त्यांना दुसरा कुणीतरी डायवर याच गाडीतून घेऊन गेला असता, आणि त्याला तर आवाजाचं माहीतसुद्धा नसतं.

डोहाळजेवणाचं आमंत्रण द्यायला दौंडला जायचं होतं. घरातलं वडीलधारं माणूस जायला हवं, म्हणून आक्का निघाल्या. शेठला बाजार होता. मागच्या सीटवर ओल्या शेंगांची पिशवी आणि मासवडीचा डबा ठेवला, आक्कांनी मागचं दार उघडलं, आत वाकून बघितलं, आणि दार लावून पुढं माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी बघतच राहिलो. "बघतो काय? मागं बसलं की मळमळतं मला. घोडनदी सुटंस्तवर पदर घेते तोंडावर, कुनाला दिसत न्हाई." आणि खरंच गाव सुटेपर्यंत त्यांनी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

न्हावऱ्याच्या पुढं एका वळणावर उसाच्या गाड्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला, डावीकडं घेतलं. 'टक्.' मी काही बोललो नाही. समोर बघत राहिलो. थोडं पुढं पुन्हा वळण, पुन्हा 'टक्'.

"काय वाजलं रं?" आक्का म्हणाल्या.

मला वाटलं मलाच भास झाला. "तुमाले आयकू आलं जी?"

"मला काय कान न्हाईत? डबा वाजल्यागत झालं की. तिथं, तुझ्या हाताखाली."

मी गाडी बाजूला घेतली, उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडलो असेन, नक्की आठवत नाही. आक्का म्हणाल्या, "आरं, आवाज ऐकल्यावर रडायचं कशाला? हाच का तो, ज्यापायी तू भुतावानी हिंडतोयस?"

"होय जी. पन शेठ बसले का वाजतच नाही. मिस्त्री बसला तरी नाही. मी खोटा ठरून राह्यलो."

"बरं. आता खोटा न्हाईस. ने दौंडला हळूहळू. शेंगा दिल्याबिगर काय मी माघारी जायची न्हाई."

हळूहळू म्हणजे सायकली आमच्या पुढं जात होत्या. पण माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. आवाज होता तसाच होता, भीतीही होती, फक्त ती आता दोघांत वाटली गेली होती. आज इतक्या वर्षांनी मी सांगू शकतो की माणसाला मदत म्हणजे आधी तेवढंच लागतं. ऐकू आलं म्हणणारं कुणीतरी.

दौंडला आवाजाची काय कमी. जंक्शन. इंजिनांच्या शिट्ट्या, डबे जोडताना होणारा दणका, कोळशाच्या ढिगावर फावड्यांची खरखर. कॉलनीतल्या बायकांनी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडलेले असायचे. गार्डसाहेबांच्या घरी आमंत्रण झालं, शेंगा उकडल्या, जेवण झालं. सुपारी कातरून होताच आक्का व्याह्यांना म्हणाल्या, "व्याही, तुमची गाडी तुम्ही चालवता, आता आमची बघायला चला. तुमच्या लेकीला ह्याच गाडीतनं आनायचीय." गार्डसाहेब सडपातळ पण उंचापुरा माणूस, आणि हौशी. रजेवर असूनही खिशात शिट्टी. म्हणाले, "विहीणबाई, गार्ड गाडी चालवत नसतो. गार्ड गाडी थांबवतो."

"मग थांबवायच्या कामाला या."

कॉलनीच्या मागं नदीकडं एक मोकळं मैदान होतं. तिथं दणके जरा लांबून यायचे. मी गाडी गोल गोल फिरवायला लागलो. आक्का माझ्या शेजारी, गार्डसाहेब मागं. एक फेरी, दोन फेऱ्या, ब्रेक, डावं, उजवं. काही नाही. गार्डसाहेब मागून म्हणाले, "अहो, फर्स्ट क्लास आहे गाडी. पोराला उगाच शंका."

आक्कांनी मागं वळून त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "उतरा बरं खाली."

"मी?"

"तुम्हीच. आन् तो डबा न् पिशवीबी घ्या."

गार्डसाहेब रिकामा डबा पोटाशी धरून मैदानात उभे राहिले. मी फेरी मारली. ब्रेक, डावं. 'टक्.' आक्कांनी मला थांबवलं, त्यांना पुन्हा बसवलं. नाही वाजलं. पुन्हा उतरवलं. वाजलं. चौथ्यांदा उतरताना गार्डसाहेब म्हणाले, "इतक्या वेळा मी आमच्या ब्रेकव्हॅनमधनंसुद्धा उतरत नाही हो." मैदानाच्या कडेला शेरडं राखणारी एक म्हातारी हा खेळ बघत होती. तिनं ओरडून विचारलं, "त्यास्नी घ्यायचं न्हाई तर बोलावलं कशाला?"

आक्का हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. "सुखदेवा, मागं मानूस बसलं की गाडीचं तोंड वर व्हतं का न्हाई?"

"होते जी."

"आन् तो उतरला की खाली. म्हंजी आत काही तरी गडगडतंय. तोंड खाली झालं की पुढं येतं, वर झालं की मागं जाऊन बसतं. सुटं हाय ते. बांधलेलं असतं तर ह्यांच्या वजनाला कशाला भ्यालं असतं?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. इतके दिवस मी आणि मिस्त्री फक्त आवळत होतो. गाडीचंच काहीतरी ढिलं झालंय हे धरून चाललो होतो. गाडीचं नसलेलं काही गाडीत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी पाय वर सीटवर आणि डोकं खाली, असा उलटा आत शिरलो. समोरच्या फळीखाली, काचेच्या आतल्या बाजूला, एक अरुंद पत्र्याची पन्हळ होती. तिचं पुढचं टोक तिथंच संपायचं, जिथं स्टिअरिंगची दांडी खाली जाते. दांडीवर एक मोठा बोल्ट. डावीकडं फिरवलं की तो बोल्ट पन्हळीच्या तोंडाला घासून जायचा. मी बोटं आत घातली. धूळ, एक वाळकं पान, आणि काहीतरी गोल, टणक. बाहेर काढलं. सुपारी.

अख्खी सुपारी होती. एका बाजूनं बोल्टानं ठेचलेली. खाचांमध्ये कुंकू भरलेलं आणि कुंकवात एक तांदळाचा दाणा अजून चिकटलेला.

गार्डसाहेबांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली. त्यांचा चेहरा उतरला. "ही बोल्टात नीट अडकली असती ना, तर चाक अर्ध्यावर थांबलं असतं. आमच्यात रुळाच्या सांध्यात एवढासा खडा अडकला तर सांधा बसत नाही." आणि मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी आक्कांकडं बघितलं. त्यांनी हात पुढं केला, सुपारी घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

ही सुपारी कुठली, ते मलाही कळलं होतं. खंडेनवमीला गाडीची पूजा आक्कांनीच केली होती. घरातली सगळी पूजा त्यांच्याच हातून व्हायची. बाहेर वारा म्हणून त्यांनी गाडीच्या आत, काचेमागच्या फळीवर विड्याचं पान मांडलं, त्यावर तांदूळ, त्यावर सुपारीचा गणपती. मग चाकाखाली लिंबं ठेवली. रीत अशी की आधी देव उचलायचा, मग गाडी लिंबांवरून पुढं घ्यायची. पण शेठना घाई झाली, त्यांनी "घे पुढं" म्हटलं, आक्का लिंबं नीट ठेवण्यात होत्या, गाडी उडी मारून पुढं गेली, तेव्हाच सुपारी काचेजवळच्या फटीतून खाली घरंगळली असणार. नंतर आक्कांनी वहिनींना ताट आत न्यायला सांगितलं. आत गेलेल्या ताटात सुपारी नव्हती. झालं. पोटुशी बाई, आणि तिच्या हातून पूजेचा गणपती हरवला. त्या दिवसापासून आक्का येता-जाता वहिनींना टोचत होत्या. बायका बसल्या की विषय काढायच्या, "आमच्या शालनच्या हातनं देव निसटला, आता तोच सांभाळंल." वहिनी मान खाली घालून तांदूळ निवडत राहायच्या. त्यांनी ताट उचललं तेव्हा सुपारी त्यात नव्हतीच हे त्यांना ठाऊक असणार, पण नणंदेपुढं ते कोण म्हणणार?

परतीच्या वाटेला भीमेच्या काठाला आलो तेव्हा आक्का म्हणाल्या, "थांबव." उतरल्या, पाण्याकडं गेल्या. मी गाडीतून बघत होतो. आता सांगतो माझ्या मनात काय होतं. पूजेची सुपारी पाण्यात सोडायची, यात काही चूक नाही. धर्मच तो. पण ती नदीत गेली की माझ्याकडं काय राहिलं? शेठला जाऊन काय सांगू, सुपारी होती आणि वाहून गेली? गार्डसाहेब साक्ष देतील, पण मुलीच्या सासरी व्याही असल्या गोष्टीत तोंड घालत नाही. आणि वहिनींनी देव हरवला हा आक्कांचा आजवरचा शब्द? सुपारी गेली तर तो तसाच राहत होता. आक्का पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या होत्या. वाकल्या, हात पाण्यात घातले, किती तरी वेळ तशाच. मग पाय धुतले, तोंड धुतलं आणि वर आल्या. पदराचं टोक ओलं होतं. गाठ आहे की नाही हे मला दिसेना, आणि विचारायचा धीर होईना. त्या मागचं दार उघडून मागं बसल्या. "चल," एवढंच.

घरी गेल्यावरही काही नाही. शेठनी विचारलं, काय म्हणतात व्याही? आक्का म्हणाल्या, येतायत सगळी. बस्स. डोहाळजेवणापर्यंतचे दिवस मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. आवाज गेला होता, गाडी रिकामी फिरवून बघितली तरी नाही, आणि तरी मला झोप नव्हती. सुचवलेला तो भाचा एकदा येऊन गाडीभोवती चक्कर मारून, टायरला लाथ मारून गेला. आक्का मागच्या दारी पूर्वीसारखाच चहा ठेवायच्या, पण माझ्याकडं बघायच्या नाहीत.

डोहाळजेवणाला घर भरलं. अंगणात मांडव, झोपाळ्याला फुलं, वहिनी हिरव्या साडीत. दौंडची मंडळी आलेली. पुरुष ओसरीवर, शेठ मध्ये, आडतीवरचे तेच हसणारे लोक त्यांच्याभोवती. मी पाण्याच्या कळशा आत-बाहेर करत होतो. बायकांची गाणी झाली, ओटी भरायची वेळ आली, सगळ्यांत वडील म्हणून आक्कांनाच पुढं बोलावलं, विधवेनं ओटी भरू नये असं म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. आक्का तांदूळ-नारळाचं ताट घेऊन आल्या, पण ओटी न भरता तशाच उभ्या राहिल्या. मग ओसरीकडं तोंड करून म्हणाल्या, "बाळासाहेब, हिकडं ये जरा. तुझी मानसंबी येऊ देत."

शेठ उठून आले. आक्कांनी पदराची गाठ सोडली.

"ही खंडेनवमीची सुपारी. गाडीच्या चाकाच्या दांडीत घावली. ह्याच पोरानं काढली." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी कळशी घेऊन तसाच. "देव उचलायच्या आधी गाडी हलली, ते माझं चुकलं. मी बघितलं न्हाई. शालनच्या हातात ताट आलं तवा सुपारी त्यात नव्हतीच. दीड-दोन म्हैनं मी हिला बोलले. आन् ह्याला तुम्ही येडा म्हनला."

शेठ हळू आवाजात म्हणाले, "आक्का, हे आत बोलू. चारचौघांत कशाला?"

"बोलले ती चारचौघांत बोलले. मग फेडायचं कोपऱ्यात व्हय?"

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. वहिनी झोपाळ्यावरून उठू लागल्या, "वन्सं, असू द्या," म्हणाल्या. आक्कांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "बस. पोटुशीनं उठू नये सारखं." आणि ओटी भरली. तांदूळ घालताना काही दाणे झोपाळ्याखाली सांडले.

शेठ माझ्याशी त्यावर कधी बोलले नाहीत. संध्याकाळी गोदामाशी आले, गाडीच्या छपरावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सकाळी लवकर निघा. उसाच्या गाड्या लागायच्या आत. हळू ने." तो भाचा पुन्हा दिसला नाही. वहिनींना मी दौंडला पोचवलं, पुढं बाळाला घेऊन त्यांना परतही मीच आणलं. त्या गाडीवर मी आठ-नऊ वर्षं राहिलो, आणि तिथूनच पुढं स्वतःची गाडी घेण्याइतका शहाणा झालो.

आक्कांचं मात्र काही गेलं. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला पूजेचं ताट वहिनींच्या हातात होतं. कुणी मागितलं नव्हतं, आक्कांनीच दिलं. त्या दाराशी उभ्या राहून "आधी हळद, मग कुंकू न्हवं का" असं काहीबाही सांगत राहिल्या, आणि वहिनी मान हलवत आपल्या पद्धतीनं करत राहिल्या. ज्या घरात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नव्हतं, तिथं त्यांचा शब्द त्या दिवसापासून इतरांसारखा एक झाला. एका परमुलखातल्या डायवरसाठी आणि भावजयीसाठी त्यांनी तो खाली ठेवला. मी एकदा काहीतरी बोलायला गेलो होतो. "आक्का, तुमी माह्यासाठी..." त्यांनी पुढं बोलूच दिलं नाही. "गप. काच पूस. कसली धूळ बसलीय."

आक्का अजून आहेत. नव्वदीला आल्या. शेठ गेले, आडत मोडली, आणि आक्कांना सांभाळतात त्या शालनवहिनी, दौंडला मुलाकडं. गेल्या वेळी गेलो तेव्हा अंगणात बाजेवर उन्हात बसल्या होत्या. डोळे गेलेत. मला आवाजावरून ओळखलं, माझ्या पन्नास वर्षांत घोटून घोटून गुळगुळीत केलेल्या बोलण्यातूनही ओळखलं. म्हणाल्या, "सुखदेवा, तुझं वऱ्हाड कसं असतं रं? मी घोडनदी न् दौंडाच्या पल्याड काही बघितलंच न्हाई." मी म्हणालो, नेतो. घरातले हसले. वहिनींचा नातू म्हणाला, "आजोबा, हिला दिसत नाही, एवढ्या लांबच्या प्रवासात हिचे हाल होतील."

होतील. पण वाटेत थांबत जाऊ. थंडी पडली की कपाशी फुटलेली असते, ओंजळीत दिली की त्यांना कळेल. माझ्या आईच्या घराच्या ओट्यावर त्यांना बसवीन, ज्वारीची भाकरी मोडून हातात देईन, आणि खरी तिखट भाजी. आक्का, मी लिहून देतो. या थंडीत जमलं नाही तर पुढच्या थंडीत. तुमच्या हयातीत आणि माझ्या हयातीत. गाडी मीच चालवीन.